अर्धपोटी अभ्यास नको, अवेळी खाणेही नको

आपल्या वस्तीतली अनेक मुले-मुली आज कॉलेजात शिकत आहेत. पण त्यांचे दिवसभराचे खाणे पाहा. सकाळी नुसता चहा, दुपारी वडापाव, मधे पुन्हा चहा-बिस्कीट आणि रात्री उशिरा एकदम पोटभर जेवण. अशा खाण्याने कोणी सुटतो, कोणी वाळतो. दोघांच्याही शरीराला हवे ते मिळत नाही.

वजन असे तपासा

मीटरमधल्या उंचीला त्याच आकड्याने गुणा. आलेल्या संख्येने किलोमधल्या वजनाला भागा. समजा, उंची १.६० मीटर आणि वजन ६० किलो आहे. १.६० गुणिले १.६० म्हणजे २.५६. साठला २.५६ ने भागले की २३.४ येतात. भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ हे प्रमाण योग्य. २३ पासून वजन जादा, २५ पासून लठ्ठपणा आणि १८.५ च्या खाली वजन कमी. कमरेचा घेर मुलांचा ९० आणि मुलींचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून ही मर्यादा कडक आहे.

मात्रा ओळखा

कोसलचा राजा प्रसेनजित खूप जेवायचा. एकदा जेवून धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून खायला सांगितले. राजाने तो उपदेश रोज जेवताना ऐकवण्याचे काम एका तरुणाला दिले. त्याचे खाणे हळूहळू कमी झाले आणि शरीर हलके झाले. स्वतः सिद्धार्थानेही देह सुकवणारी तपश्चर्या सोडून अन्न घेतले होते. अति खाणे नको, तसेच उपाशी राहणेही नको.

काय करावे

१. घरातून काहीतरी खाऊनच निघा. रात्रीची भाकरी आणि एक उकडलेले अंडे किंवा मूठभर भिजवलेले हरभरे पुरतात.

२. डबा न्या. भाकरी, उसळ, सुकट हे कसदार अन्न आहे. त्याची लाज कसली?

३. दिवसात दोन-दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे दहा चमचे साखर. दोन चहा पुरे. जेवणाबरोबर चहा नको, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. ताटात लिंबू घ्या.

४. मुलींना उरलेसुरले वाढू नका. त्यांचे हिमोग्लोबिन तपासा. ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. बारीक होण्यासाठी जेवण सोडू नये.

५. रोज अर्धा तास भरभर चाला. रात्री मोबाईल बाजूला ठेवून वेळेवर झोपा.

बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो त्यांचा नाइलाज होता. आपल्या मुलांवर ती पाळी येऊ नये म्हणूनच १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. आज वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्यात भोजन भत्ता वेगळा धरला आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करून अर्ज भरा, आणि तो पैसा जेवणावरच खर्च करा. शिकायचे असेल तर आधी पोटात अन्न हवे.