पीटरचे भय कसे गेले ?

कोणी मूल अंधाराला भिते, कोणी कुत्र्याला, तर कोणी फळ्यापाशी उभे राहण्याला. अशा मुलाला आपण बहुधा दोनच औषधे देतो : उपदेश आणि थट्टा. ‘भित्री भागूबाई’ हे बिरुद तर घरोघरी तयारच असते. या औषधांनी गुण येतो काय, याची परीक्षा मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी न्यूयॉर्क येथे घेतली व १९२४ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

त्यांच्या छोट्या रुग्णाचे नाव पीटर. वय २ वर्षे १० महिने. एरवी तो निरोगी व चलाख होता. परंतु पांढरा ससा दिसताच किंचाळू लागे. केसाळ कोट, पीस, एवढेच काय, कापूस पाहूनही त्याची गाळण उडे.

प्रथम, सशाला न भिणारी तीन मुले त्याच्यासोबत खेळावयास ठेवली. ती सशाला निर्धास्तपणे हाताळीत आणि पीटर ते पाही. भीती ओसरू लागली, तोच त्याला स्कार्लेट फीवर झाला. सुमारे दोन महिन्यांनी रुग्णालयातून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला. सोबतची परिचारिकाही घाबरली, आणि गेलेले भय पुन्हा परतले.

मग जोन्सबाईंनी दुसरी युक्ती योजिली. पीटर आवडता खाऊ खात असता पिंजऱ्यातला ससा खोलीत आणावयाचा, पण खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या अंतरावर. आणि क्रमाक्रमाने तो जवळ आणावयाचा. खरे कौशल्य येथेच आहे. घाई केली तर सशाची भीती जाण्याऐवजी खाऊचीच भीती बसावयाची ! अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला, त्याला आपली बोटे हळूच कुरतडू देऊ लागला. कापूस, पीस आणि कोट यांची भीती तर वेगळा उपचार न करताच नाहीशी झाली.

इतर मुलांवरही जोन्सबाईंनी निरनिराळे उपाय करून पाहिले. नुसते समजावणे, भीतीची वस्तू दृष्टिआड ठेवणे, सवंगड्यांची टवाळी, यांपैकी कशालाही भरवसा ठेवण्याजोगे यश आले नाही. यश आले ते दोनच उपायांना : निर्भय मुलांची संगत आणि आवडत्या गोष्टीच्या जोडीने हळूहळू घडविलेली ओळख. आजचे बालमानसोपचारतज्ज्ञ भित्र्या मुलाला पायरीपायरीने भीतीच्या समोर नेतात, त्या पद्धतीचा उगम येथे सापडतो.

पीटर पुढे घरी गेला. घरची परिस्थिती बिकट होती. मुलाने ऐकावे म्हणून त्याची आई, कोणीतरी तुला चोरून नेईल, असा धाक घाली. आपल्याकडे हे काम बागुलबुवावर सोपविलेले असते.