नव्या मुख्याध्यापिकेला

पदोन्नतीचा आदेश हातात पडला ना, मग आता ऐक, बाळ. जिल्हा परिषदेच्या शाळेत सुधारणा येतच राहतात. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला, २०२० साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, पुढच्याच वर्षी ‘निपुण भारत’. तुझ्या नोकरीत आणखी येतील. परिपत्रक आलं की आधी एवढंच बघ, यातून वाचता न येणाऱ्या पोराला काय मिळणार? काही मिळणार असेल तर जीव ओतून कर. नसेल तर माहिती वेळेत भरून दे आणि वर्गात जा.

त्यासाठी ती पोरं तुला ठाऊक हवीत. रुजू झाल्यावर पहिले काही दिवस हेच कर. दुसरीपासून पाचवीपर्यंतचं एकेक मूल शेजारी बसवून वाचून घे. तयार तक्त्यावर भागवू नकोस, स्वतःच्या कानांनी ऐक. पोरांना पुस्तक पाठ असतं, म्हणून न शिकवलेला उतारा दे. कोण अक्षरालाच अडतं, कोण जोडाक्षराला, कोण घडाघडा वाचतं पण अर्थ सांगत नाही, हे नावानिशी वहीत लिही. ती वही साहेबांना दाखवायची नाही. दर महिन्याला त्याच नावांकडे परत जायचं. तिसरीपर्यंत प्रत्येकाला वाचता यावं, ही ‘निपुण’ची मुदत २०२६-२७ असली तरी तिसरीतलं पोर तोवर थांबत नाही, ते चौथीत जातंच.

साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले होते. परत येऊन पुष्कळांनी तिथल्यासारख्या वर्गाच्या फरश्या रंगवल्या. रंगाला माझी हरकत नाही. पण तिथली मुलं वस्तू हाताळत, एकमेकांना विचारत शिकत होती, ते आणायचं राहून गेलं. म्हणून निधी आला की रंगाऱ्याच्या आधी मणीमाळा, काड्यांचे गठ्ठे आणि गोष्टींची पुस्तकं घे. आणि कपाटाला कुलूप नको. पुस्तकं फाटू देत.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. बैठक मजुरीच्या वेळेत ठेवलीस तर त्या येणार कशा? संध्याकाळी ठेव. आल्या की सहीसाठी इतिवृत्त पुढे सरकवू नकोस, त्यांच्या पोरांना त्यांच्यासमोर वाचायला लाव. शाळेची पायरी न चढलेल्या आईलाही पोर कुठं अडखळतं ते कळतं, आणि मग ती तुला जाब विचारते. विचारू दे. शाळेला तेच हवंय.

ऑनलाइन माहिती आणि फोटोंचं काम तासाला करू देऊ नकोस, शाळा सुटल्यावर बसा. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ आहे. कुणी जुंपलंच तर तोंडी वाद घालू नकोस. नम्रपणे लेखी आदेश माग आणि पत्र जावक नोंदवहीत चढव. शाळा दोनशिक्षकी असेल तर केंद्रप्रमुखांना आधीच सांगून ठेव, प्रशिक्षणाला एका वेळी एकच जण येईल.