सांदण की भीमाशंकर? आधी ऋतू पाहा

प्रश्न : आम्ही मुलुंडच्या चार मैत्रिणी. राजमाची, पेब झाले आहेत. आता सांदण दरी करावी की गणेश घाटाने भीमाशंकर? एकीला पक्षी-प्राण्यांची आवड आहे, बाकीच्यांना कातळाची.

उत्तर : दोन्ही करा, पण आपापल्या ऋतूत. साम्रदची सांदण दरी डिसेंबर ते मार्च या काळातच करा. पावसाळ्यात सारे पाणी याच अरुंद घळीत उतरते, तेव्हा तिथे पाऊलही टाकू नका. थंडीतही वाटेत गार पाण्याचे डोह लागतात. पुढे मोठमोठ्या धोंड्यांवरून हातापायांनी उतरावे लागते. दोराने उतरायचे टप्पे अनुभवी चमूशिवाय करू नका.

भीमाशंकरला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरला की जा. कर्जत लोकलने नेरळ, तिथून गाडीने खांडस. शिडी घाट टाळा, गणेश घाट लांबचा पण सोपा. वर सदाहरित रानात सावकाश चाला आणि मान वर ठेवा : फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचे गोल घरटे दिसले, की शेकरू जवळपास असू शकतो.

आत्ता पाऊस सरत असेल तर आधी भीमाशंकर. थंडी पडली असेल तर सांदणसाठी थेट कसारा लोकल पकडा. दोन्हीकडे स्थानिक वाटाड्या घ्याच.