स्पाइक्स घेण्याआधी टाचेकडे बघा

दिवाळी सरली की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक दुखण्याचे पेशंट वाढतात. वय साधारण चौदा ते बावीस, अंगकाठी सडपातळ, आणि पायात बुटाऐवजी चप्पल, कारण टाचेला बूट घासला की कळ येते. शालेय स्पर्धा, विद्यापीठाची क्रॉस कंट्री, पोलीस भरतीची तयारी, सगळं एकाच सुमाराला अंगावर आलेलं असतं. आणि बहुतेकांच्या पिशवीत स्पाइक्सची नवी जोडी असते.

गेल्या हंगामात सोळा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. ती 3000 मीटर धावते. वडिलांनी तालुक्याच्या गावाहून हौसेनं स्पाइक्स आणले. दुकानात तिच्या मापाची तेवढी एकच जोडी होती. मुलीनं दुसऱ्या दिवसापासून रोजचा सगळा सराव त्यातच केला, तोही मुरमाच्या मैदानावर. तिसऱ्या दिवशी टाचेच्या मागे ओढ बसू लागली. दुसऱ्या आठवड्यात चवड्याच्या वरच्या बाजूला सूज आली. कुठं दुखतं विचारल्यावर तिनं एक बोट बरोबर एका हाडावर ठेवलं. दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला ताणामुळे इजा झाली होती. सहा आठवडे धावणं बंद.

"बूट खराब निघाला का, डॉक्टर?" वडिलांनी विचारलं. बूट उत्तम होता, पण 100 मीटरवाल्यांचा होता. यात त्या बापलेकीचा काही दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगण्यासाठी आजचा हा मजकूर.

रोजच्या सरावाच्या बुटात टाच चवड्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असते. लांब पल्ल्याच्या स्पाइक्समध्ये हा फरक शून्य ते चार-पाच मिलिमीटरवर येतो. करंगळीच्या नखाएवढंच हे अंतर आहे, पण टाच तेवढी खाली गेली की पोटरी आणि टाच यांना जोडणारी जाड कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, प्रत्येक पावलाला जास्त ताणली जाते. धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहूनही अधिक भार येतो. पन्नास किलोच्या मुलीचा हिशोब करून बघा. 3000 मीटरला दहा मिनिटं आणि मिनिटाला पावणेदोनशे पावलं धरली, तर एकेका पायावर पावणेनऊशे वेळा तीनशे किलोंच्या वर ओढ बसते. सवयीची कंडरा ते सहज पेलते. सवय नसलेली कंडरा पहिल्या दिवशी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार पावलं टाकताना ती बोलते.

म्हणून माझ्या मते स्पाइक्स निवडताना तुमची पोटरी आणि तुमचं मैदान या दोन गोष्टी आधी बघाव्यात. बुटाचा रंग, नाव आणि कुणा विजेत्याच्या पायात तो होता, हे सगळं त्यानंतर.

दुकानात जोडी हातात घेतली की एक साधी परीक्षा करा. एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा धरून बूट वाकवा. 100-200 मीटरचा बूट जवळजवळ वाकतच नाही. त्याचा तळ पुढून कडक, पुढचं टोक वर उचललेलं आणि टाचेखाली मऊपणा नावापुरता असतो, कारण तो धावपटू टाच टेकवतच नाही. लांब पल्ल्याचा बूट चवड्यापाशी वाकतो, टाचेखाली फोमचा पातळ का होईना पण थर असतो, आणि पिना बहुधा चार ते सहा असतात. मधल्या पल्ल्याचा, म्हणजे 800-1500 मीटरचा, या दोहोंच्या मधला. भरतीसाठी 1600 मीटर धावणाऱ्या मुलांना दुकानदार बऱ्याचदा हा मधला देतात. ज्यांनी याआधी स्पाइक्स कधी घातलेच नाहीत, त्यांनी तोही घेऊ नये, लांब पल्ल्याचाच घ्यावा. एखाद-दुसरा सेकंद गेला तर सरावानं भरून काढता येतो. आणि पैसे खर्च करण्याआधी भरतीच्या मैदानावर स्पाइक्सना परवानगी आहे का, हे जाहिरातीत वाचून किंवा विचारून खात्री करून घ्या.

आता मैदान. आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. पिनेचं काम जमिनीत रुतून पाय घट्ट धरण्याचं. ती रुतलीच नाही, तर तुम्ही पिनांच्या टोकांवर उभे राहता, जणू चवड्याखाली पाच-सहा खडे ठेवले आहेत. कडक मुरूम, कोकणातला जांभा, उन्हाळ्यात तडकलेली काळी रानं, डांबरी रस्ता, या सगळ्या जागी हेच घडतं आणि सगळा दाब बोटांमागच्या लांब हाडांच्या टोकांवर एकवटतो. तुमचं मैदान असं असेल तर पिना काढून ठेवा आणि त्या जागी सपाट झाकणं बसवा, नाहीतर सरळ पातळ तळाचा साधा रेसिंगचा बूट वापरा. त्यात काही कमीपणा नाही.

सिंथेटिक ट्रॅकवर लहान पिना लागतात. वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या नियमानुसार धावण्याच्या शर्यतीत तिथं पिन तळाबाहेर 9 मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये आणि एका तळाला अकराहून अधिक पिना नसाव्यात. पण पृष्ठभाग टिकावा म्हणून बऱ्याच मैदानांवर 6 मिलिमीटरचीच मुभा असते, म्हणून सहाच्या पिना लावून जाणं सुरक्षित. मातीच्या ट्रॅकवर किंवा दव पडलेल्या गवतावर 6 ते 9 पुरतात. क्रॉस कंट्रीचा मार्ग ओला, चिखलाचा, चढउताराचा असेल तर 9 ते 12 घ्या. तिथं आखूड पिना घातल्या तर उतारावर पाय सटकतो आणि घोटा मुरगळतो. ओली काळी माती तळाला चिकटून बूट जड करते, तेव्हा शर्यतीआधी तळ खरवडून साफ करा. पिना बदलण्याची छोटी चावी बुटाबरोबर मिळते, ती जपून ठेवा. शर्यतीच्या आदल्या दिवशी मार्गावर चालून या, ओल कुठं आहे, दगड कुठं आहेत ते बघा आणि मगच पिना ठरवा.

नियमांमधली आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. 1 नोव्हेंबर 2024 पासून ट्रॅकवरच्या सगळ्या शर्यतींना तळाची जाडी 20 मिलिमीटरपर्यंतच चालते. त्याआधी 800 मीटर आणि पुढच्या शर्यतींना 25 चालत होती. स्वस्तात मिळालेली जुनी जोडी घेताना हे तपासा. रस्त्यावरच्या मॅरेथॉनचे जाड तळाचे बूट या मर्यादेत बसत नाहीत.

त्या जाड, उसळत्या फोमच्या आणि कडक प्लेटच्या महागड्या जोड्यांबद्दल मला हमखास विचारलं जातं. त्या वेगवान आहेत, यात शंका नाही. पण कार्बन प्लेटचे बूट वापरणाऱ्या काही धावपटूंमध्ये पायाच्या कमानीवरच्या नेव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाल्याच्या नोंदी 2023 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आल्या. नोंदी मोजक्याच आहेत आणि त्यावरून बूट दोषी ठरत नाही. तरीही हे हाड भरून यायला फार हट्टी असतं, आणि वाढत्या वयाच्या मुलाच्या पायात मी अशी प्लेट घालणार नाही.

माप घेताना दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात. ज्या मोज्यांत धावणार तेच मोजे घाला. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप घ्या. स्पाइक्स नेहमीच्या बुटापेक्षा घट्ट हवेत, पण बोटं पुढं टेकता कामा नयेत. पाच-सहा मिलिमीटर मोकळे ठेवा. ऑनलाइन मागवत असाल तर कागदावर उभं राहून दोन्ही पायांची रेघ आखा, लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. जोडी आल्यावर तीच रेघ तळाशी लावा. चवड्याची रेघ दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल तर परत पाठवा, "घालून घालून सैल होईल" या आशेवर राहू नका. काळी पडलेली नखं आणि करंगळीच्या मुळाशी आलेले फोड याच आशेतून येतात.

जे 3000 मीटर स्टीपलचेस धावतात, त्यांनी जाळीदार वरचा भाग बघावा. या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी असते. बुटात शिरलेलं पाणी निघून गेलं नाही तर उरलेले सगळे फेरे ते ओझं वाहायचं. या शर्यतीशी महाराष्ट्राचं जिव्हाळ्याचं नातं आहे. साताऱ्याच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या, आणि बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. त्यांच्याकडे बघून गावोगावची मुलं या शर्यतीकडे वळताना दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

जोडी घरी आली. आता घाई करू नका. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून दोनदाच, नेहमीचा सराव नेहमीच्या बुटात संपवून मग स्पाइक्स घाला आणि गवतावर किंवा ट्रॅकवर 80 मीटरचे चार-पाच फेरे मारा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 200 ते 400 मीटरचे काही तुकडे. त्यानंतर एका वेगवान सरावाचा अर्धा भाग. शर्यतीच्या सहा आठवडे आधी तरी सुरुवात हवी. वॉर्म-अप आणि शेवटचं हळू धावणं कायम साध्या बुटात. जोडीला पोटरीचा व्यायाम: पायरीच्या कडेवर चवड्यानं उभं राहून टाच हळूहळू वर-खाली, पंधराचे तीन संच, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून. एका पायावर न थांबता वीस वेळा टाच उचलता येत नसेल, तर तुम्ही अजून स्पाइक्ससाठी तयार नाही.

बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांना स्पाइक्स देऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग कोवळा असतो आणि अकिलीसची ओढ नेमकी त्यावर बसते. मूल खेळून आल्यावर लंगडत असेल, दोन्ही बाजूंनी टाच दाबली की ओरडत असेल, तर ते नाटक करत नाही. त्याला विश्रांती द्या.

मुलींच्या आयांशी थोडं मोकळं बोलायचं आहे. धावणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नसेल, तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका. खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात जात नाही, याची ती खूण असते, आणि अशा शरीरातलं हाड कोणत्याही बुटात तडकतं. पहाटे उपाशीपोटी धावून शाळेत जाणाऱ्या, दुपारी डब्यात दोन पोळ्या खाणाऱ्या मुलीला नव्या बुटाआधी दूध, अंडी, शेंगदाणे, उसळ आणि पोटभर भात-भाकरी हवी. हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

काही दुखणी थांबून बघण्याची नसतात. एकाच हाडावर बोट ठेवता येईल असं दुखणं, त्या पायावर उडी मारली की येणारी कळ, धावताना वाढत जाणारं आणि रात्रीही जाणवणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं टिकून असेल तर पुन्हा दाखवा. कधी एमआरआय लागतो. दुखणं दाबण्यासाठी शर्यतीआधी डायक्लोफेनॅकची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका. हाडाचा इशारा बंद होतो, आणि घामानं पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते.

राहता राहिली जखम. क्रॉस कंट्रीच्या सुरुवातीला शंभर जण एकदम सुटतात तेव्हा मागच्याच्या पिना पुढच्याच्या पोटरीला किंवा घोट्याला लागणं नवीन नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम पाच मिनिटं धुवा. हळद किंवा माती भरू नका. जखम खोल असेल, कडा उघड्या राहत असतील किंवा दुसऱ्या दिवशी लाली पसरत असेल तर दाखवा. मातीची जखम असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस पाच वर्षांपेक्षा आधीची असेल तर ती पुन्हा घ्यावी लागते. कधी घेतली ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसंच सांगा.