परत आणून दाखवशील तोच बॅकअप

धाराशिव

चि. भाच्यास,

उमरग्याच्या तुझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेल्याचे कळले. नवी एसएसडी बसली, विंडोज टाकून झाले आणि ‘बॅकअप आहे, उद्या सगळे कॉपी करून टाकतो’ असे तू कळवलेस. ते काम हाती घेण्याआधी हे पत्र सावकाश वाच. डिस्क गेली याचे फार वाईट वाटून घेऊ नकोस. फिरत्या चकतीपासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत वाचणारे ते यंत्र. कधीतरी जाणारच होते. माझा आक्षेप तुझ्या निर्धास्तपणाला आहे. प्रत काढून ठेवली की बॅकअप झाला, असे आपण सर्रास मानतो. पण त्या प्रतीतली फाईल दुसरीकडे उतरवून, उघडून, तपासून पाहीपर्यंत तो केवळ आपला भरवसा असतो, आणि भरवशावर धंदा चालत नाही.

हे उगाच भीती घालायला लिहीत नाही. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. डेटा वाचवण्याच्या पाच पद्धती त्यांच्याकडे होत्या, आणि ऐनवेळी त्यांतली एकही भरवशाची निघाली नाही. रोजचा बॅकअप जिथे साठायला हवा होता ती जागा रिकामी होती, कारण बॅकअप घेणारा प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. बॅकअप फसल्याचे ईमेल सुटत होते, पण कोणाला पोचत नव्हते. घटनेच्या सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाती लागली म्हणून निभावले. मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. तिथे माणसांची, पैशाची, अकलेची कमतरता नव्हती. बॅकअप परत उतरतो का, हे नेमाने तपासून पाहणे तेवढे कोणाच्या कामात धरलेले नव्हते.

आता तुझ्या दुकानाकडे ये. तुझ्याकडे लग्नपत्रिका आहेत, पतसंस्थेचे अहवाल आहेत, व्यापाऱ्यांची टॅलीतली खाती आहेत. बाहेरच्या डिस्कवर फाईलचे नाव दिसले म्हणजे फाईल आहे असे समजू नकोस. श्रीलिपीत बसवलेला जुना मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणजे फाईल शाबूत असूनही हातात काही नाही. तेव्हा फॉन्ट, ते बसवण्याचे सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल हाही बॅकअपचाच भाग धर. पेजमेकरच्या पानात जोडलेले फोटो बहुधा वेगळ्या फोल्डरमध्ये असतात; तो फोल्डर राहून गेला तर अहवालात फोटोंच्या जागी धूसर चौकोन उरतात. टॅलीचे तर आणखी जपून. रिस्टोअर करताना त्याच फोल्डरमध्ये त्याच क्रमांकाची कंपनी असेल तर जुनी नोंद नवीवर चढते. म्हणून आधी रिकामा फोल्डर कर, त्यात उतरव, शेवटच्या व्हाउचरची तारीख पाहा आणि ट्रायल बॅलन्स छापील कागदाशी ताडून बघ. आकडा जुळला, तर बॅकअप खरा.

या सगळ्याच्या आधी एक काम कर. डिस्क गेल्यापासून तुझ्याकडे त्या फायलींची एकच प्रत उरली आहे, ती बाहेरच्या डिस्कवरची. म्हणजे आज तुझ्याकडे बॅकअप नाहीच. जे आहे ते आता मूळ झाले. त्या डिस्कवर काही लिहू नकोस, तीवरून कट-पेस्ट करू नकोस. पहिल्यांदा तिची पुरी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढ आणि रिस्टोअर त्या नकलेवरून कर. गेलेली हार्ड डिस्कही फेकू नकोस आणि दुरुस्तीची आज्ञावली तिच्यावर चालवत बसू नकोस. एखादी फाईल बॅकअपमध्ये नाहीच निघाली, तर डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यायला तीच लागेल.

तू म्हणशील, मामा, एवढा खटाटोप कशाला, सगळे गूगल ड्राइव्हवर ठेवतो. ठेव, पण सिंक आणि बॅकअप एक समजू नकोस. सिंकचे काम दोन्हीकडे सारखे ठेवण्याचे. इथे फाईल पुसली की तिथलीही पुसली जाते, आणि ती परत मिळवायची मुदत ठरावीक दिवसांचीच असते. मग बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवतो, असेही म्हणशील. तर हे ऐक. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये खंडणीखोरांनी पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद केला. बरीचशी कामे पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. तिथल्या ई-हॉस्पिटल या प्रणालीचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे. जोडलेली डिस्क मूळ मशीनबरोबरच बुडते, म्हणून काम झाले की ती सोडवून ठेव.

आणि ठेवायची कुठे? दुकानाच्या ड्रॉवरमध्ये नक्कीच नको. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तेव्हा गेलेल्या फायली पुन्हा उभ्या करायला इतर कार्यालयांतल्या प्रतींचाच आधार घ्यावा लागला. आपल्या भागाला तर हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे घराघरांत पाणी शिरले. एक प्रत गावाबाहेर, धाराशिवला किंवा सोलापूरला, नातलगाच्या कपाटात असू दे. तिला पासवर्ड मात्र घाल, कारण त्यात लोकांचे हिशेब आहेत. गिऱ्हाइकांची आधार कार्डे, पासबुकांचे स्कॅन फॉर्म भरून झाल्यावर पुसून टाक. जे आपल्याकडे राहायलाच नको, त्याचा बॅकअपही नको.

राहिला वेळेचा आणि खर्चाचा प्रश्न. लाइट जाते, नेट रखडते, लग्नसराईत जेवायला फुरसत नसते, हे सगळे मान्य. पण रोज सगळेच कॉपी करायला कोण सांगते? पुरी नक्कल अधूनमधून, आणि रोज संध्याकाळी फक्त त्या दिवशी बदललेल्या फायली. महिन्यातून एकदा बाजाराचा दिवस टाळून तीन फायली निवड: एक जुनी, एक नवी, एक टॅलीची. त्या दुसऱ्या मशीनवर उतरवून उघड आणि तारीख वहीत लिही. त्याला लागणारा वेळ आणि एका डिस्कची किंमत एका पारड्यात टाक. दुसऱ्यात पतसंस्थेच्या सभासदांपुढे ‘अहवाल गेला’ म्हणून उभे राहणे टाक. निवाडा तुझा तूच कर.

उद्या रिस्टोअर पुरा झाला, ट्रायल बॅलन्स जुळला आणि वहीत पहिली तारीख पडली, की मगच दुकान पुन्हा उघड. तोवर कोणत्याही गिऱ्हाइकाला ‘तुमचे सगळे सुरक्षित आहे’ असे सांगू नकोस.

तुझा मामा