हायब्रीड मोटारींतील बॅटरी-निदान: दहावीनंतरचा एक मार्ग

हायब्रीड मोटारीत, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर या दोहोंच्या बळावर चालणाऱ्या वाहनात, बिघाडाचा दिवा लागताच बॅटरी संपली असे अनेकदा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात बॅटरीवर लक्ष ठेवणारा सेन्सर किंवा त्याची तारच सदोष असू शकते, आणि हा भेद अचूक ओळखणे हाच बॅटरी-निदानाच्या व्यवसायाचा गाभा आहे.

बॅटरीचे तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरचा रोध उष्णता वाढली की घटतो. त्यामुळे त्याची तार तुटली की रोध अमर्याद होतो आणि संगणकाला तो कडाक्याच्या थंडीचा संकेत वाटतो. जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या मे महिन्यात स्कॅनर उणे चाळीस अंश दाखवू लागला, तर बॅटरीवर संशय घेण्याआधी जोडणी तपासावी, हे जाणत्या तंत्रज्ञाला लगेच कळते. व्होल्टेजच्या बाबतीत निदान अधिक रंजक ठरते: मालिकेत जोडलेल्या घटांच्या दोन शेजारी गटांपैकी एकाचे व्होल्टेज जितके कमी तितकेच दुसऱ्याचे जास्त दिसत असेल, तर दोष बहुधा त्यांच्यातील सामाईक मापन-तारेच्या गंजलेल्या जोडणीत असतो, मात्र भार पडताच एकच गट खाली येत असेल, तर तो गटच अशक्त असतो. तापमानाच्या बाबतीत उलटही घडते: पारा ४४ अंशांवर जाणाऱ्या खानदेशात बॅटरीच्या पंख्याची जाळी धुळीने तुंबून तापमान खरोखरच वाढलेले असू शकते, आणि तेथे सेन्सर बदलणे हा ग्राहकाच्या पैशांचा अपव्यय होय.

यासाठी लागते ती ओहमच्या नियमाची पक्की समज, मल्टिमीटरचा सराव आणि विद्युत आकृती वाचण्याची सवय. म्हणून चार-सहा आठवड्यांच्या आकर्षक अभ्यासक्रमावर पैसे खर्च करण्याऐवजी आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड किंवा जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातील इलेक्ट्रिकल पदविका निवडणे अधिक हिताचे आहे. दोन वर्षांचा आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थी पुढे पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षासाठीही अर्ज करू शकतो.

सुरक्षिततेबद्दल पालकांना वाटणारी काळजी रास्त आहे, कारण या बॅटऱ्यांचे व्होल्टेज अनेकदा दोनशे व्होल्टच्या आसपास, तर काहींचे त्याहूनही अधिक असते. तथापि उच्च विद्युतदाबाच्या नारिंगी केबलला हात लावण्यापूर्वी बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढणे, कपॅसिटरमधील भार उतरेपर्यंत उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबणे आणि उच्च विद्युतदाबासाठीचे रबरी हातमोजे वापरणे ही शिस्त प्रशिक्षणातच अंगी बाणवता येते. संस्था निवडताना तेथे ही साधने प्रत्यक्ष वापरात आहेत का, हे पालकांनी स्वतः पाहावे.

अमळनेरमध्ये अशा गाड्या अजून थोड्या असल्याने आरंभीची नोकरी जळगाव, धुळे किंवा नाशिक येथील अधिकृत सेवाकेंद्रांत शोधावी लागेल. पुढील संधींच्या दृष्टीने हेही लक्षात घ्यावे की टोयोटाने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथील प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला असून, त्यात हायब्रीड आणि विद्युत वाहनांच्या निर्मितीचा समावेश आहे.