टाकाऊतून नंदनवन

चंदीगड नगर वसत असता नेकचंद सैनी तेथे रस्त्यांचे निरीक्षक होते. नगरासाठी पाडलेल्या खेड्यांत फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा, फरशांचे तुकडे विखुरलेले असत. १९५७ च्या सुमारास, नोकरीचे काम आटोपल्यावर, नेकचंद या वस्तू व ओढ्यांतील चित्रविचित्र धोंडे सायकलवरून सुखना तलावाजवळच्या रानात नेऊ लागले. त्यांतून त्यांनी माणसे, पशू व पक्षी घडविले.

परंतु जागा सरकारी होती. तेथे बांधकामास मनाई होती. म्हणून कित्येक वर्षे हे काम गुप्त राहिले. अखेर ते अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडले. आता सारे जमीनदोस्त होणार, अशी भीती निर्माण झाली. पण लोकांनी त्या सृष्टीची बाजू घेतली. १९७६ साली हे ‘रॉक गार्डन’ सर्वांस खुले झाले. बांगड्यांच्या तुकड्यांची वस्त्रे ल्यालेले पुतळे तेथे आजही रांगेने उभे आहेत.